गव्हाएवढा चुना

प्रिय उर्वशी,

अक्षर बघून दचकू नकोस. आडवी पडून लिहितेय. पोटावर तुझं दहावीच्या परीक्षेचं पॅड घेतलंय, तेच, ज्यावर तू फुलपाखरू चिकटवलं होतंस. त्याचा एक पंख गेलाय. दोन ओळी लिहिल्या की हात भरून येतो, मग पॅड बाजूला ठेवून छपराच्या कवेलूंकडे बघत पडते आणि परत घेते. फोनवर सांगितलं असतं तर काम लवकर झालं असतं, हे मलाही कळतं. पण फोनवर तू "माय" म्हणून हाक मारलीस की माझं ठरवलेलं सगळं विरघळतं. रोज ठरवते, आज सांगायचंच, आणि मग विचारत बसते, जेवलीस का, पाय सुजले का, रायपूरला थंडी किती, आणि फोन ठेवून देते.

परवा तू विचारलंस, आवाज असा खोल का येतोय. मी म्हटलं, सर्दी झाली. सर्दीबिर्दी काही नाही. माझ्या पाठीचा मणका चेपलाय. तुझे बाबा गावभर सांगत फिरतात, "काही नाही जी, जरासी चमक भरली." शब्द लहान केला की दुखणं लहान होतं, असं त्यांना वाटतं. चमक नाही ती. मणका मोडलाय, आणि तो एकटाच कच्चा नाही, सगळीच हाडं तशी झाली आहेत. तुला आत्ताच्या दिवसांत हे सांगू नये, असं इथे सगळ्यांचं मत पडलं. पण न सांगून चालणार नाही. आधी हे कसं झालं ते सांगते, कारण त्यातलं अर्धं तुझ्या कामाचं आहे.

तू सातवीत असताना मी कशी झाले होते आठवतं का? अंगणवाडीत पोरं गाणं म्हणायची आणि मी भिंतीला टेकून डुलक्या घ्यायची. तोंड सुजलेलं, आवाज जाड, केस पुंजक्यांनी निघायचे. गोंदियाला नेलं तेव्हा थायरॉइड निघालं. डॉक्टरांनी ती बारीक पांढरी गोळी दिली. सकाळी उपाशीपोटी, पाण्यासोबत, आयुष्यभर. मला त्याचं काही वाटलं नाही, पण तुझी आजी हादरली. देवकाबाई म्हणजे काय बाई होती तुला माहीत आहे. सुनेला ताप आला तर कपाळाला हात लावून पाहायची नाही. ती म्हणाली, "जनमभर गोळी? मंग हाडं राहतेत का वं तुये?" इंग्रजी औषध हाडं खातं, असं तिच्या डोक्यात कुणी भरवलं होतं देव जाणे. दुसऱ्या दिवशी मी डोळे उघडायच्या आत ती पाण्याचा गिलास घेऊन खाटेशी उभी. पाण्यात तिच्या पानाच्या डब्यातला चुना, गव्हाच्या दाण्याएवढा, बोटानं कालवलेला. "घे वं, गोळी या पाण्यासंगं घे. हाडं पक्के राहतेत."

आणि मी घेतली. नको कशी म्हणू? लग्न होऊन त्या घरात आले तेव्हापासून मला कुणी आयतं पाणी दिलं नव्हतं. मी दिलेलं पाणी गार नाही, गढूळ आहे, उशिरा आलं, एवढंच ऐकत आले. आणि ही बाई थंडीत, गुडघ्यांची कुरकुर करत, अंगावर घोंगडी ओढून माझ्यासाठी गिलास घेऊन उभी. आजारपणानं मला सासू मिळाली, असं मी तेव्हा शेजारणींना सांगायची. तुला वाटायचं आजी आणि मी आतून एक झालो आहोत. खरंच झालो होतो गं. त्या गिलासानं झालो होतो. चव कशीतरीच असायची त्या पाण्याची, जिभेला चरचरायचं, पण मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायची आणि ती गिलास उलटा करून बघायची.

मग रक्त तपासलं की डॉक्टर म्हणायचे, गोळी कमी पडतेय. वाढवली. पुन्हा तपासलं, पुन्हा कमी. पुन्हा वाढवली. दर वेळी विचारायचे, उपाशीपोटी घेता ना? घेते. पाण्यासोबतच ना? हो, पाण्यासोबतच. मी अंगणवाडीची बाई, औषध चुकवणाऱ्यातली नाही, असं ताठ मानेनं सांगायची. पाण्यात काय आहे असं कोण विचारणार, आणि विचारलं तरी मी काय सांगणार होते? चुना काय औषध आहे का? तो तर पानाला लावायचा असतो. आणि यातलं खरं हसण्यासारखं ऐक. गावातल्या प्रत्येक गरोदर बाईला मी सांगत आले, लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घ्यायची नाही, एकीचा गुण दुसरी खाते. इतक्यांदा सांगितलं की माझी मदतनीस चेतना माझी नक्कल करून दाखवायची. त्याच तोंडानं मी रोज सकाळी गोळी आणि चुना एका घोटात गिळत होते. कॅल्शियम म्हणजे सरकारी डबीतली गोळी. चुना म्हणजे सासूची माया. दोन्ही एकच असतील असं माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

आजी गेली तेव्हा तू कॉलेजात होतीस. तिच्यासोबत तो गिलास गेला. पानाचा डबा कपाटात गेला, चुना सुकून खडा झाला. मी नळाचं साधं पाणी घेऊन गोळी खाऊ लागले आणि मला रोज सकाळी रडू यायचं, एवढंच मला कळलं. गोळी तीच राहिली, ती वाढवून वाढवून नेलेली मोठी गोळी. आमगावच्या मेडिकलवाल्याला रिकामी पट्टी दाखवायची, तो भरलेली द्यायचा. रक्त कशाला तपासायचं, आपलं तर सेट झालंय, असं तोही म्हणायचा आणि मीही म्हणायची. गोंदियाला जायचं म्हणजे अंगणवाडी बंद, बाबांचा डबा बंद. राहिलं.

मग मी वाळू लागले. तुझ्या लग्नात सगळ्या बाया माझ्याभोवती जमल्या होत्या, आठवतं? "सुखवंताबाई, तुमी तं पोरीची बहीण दिसून राहिल्या! काय खाता?" मला काय आनंद झाला होता. दुधराम टेलरकडे सगळी पोलकी नेऊन आत घेतली. तो म्हणाला, बाई, आता शिलाईला कपडाच उरला नाही, तर मी हसले. छाती धडधडायची, थंडीतही घाम फुटायचा, हात असे कापायचे की पोरांच्या वाढीच्या तक्त्यावर ठिपका धड पडायचा नाही, झोप तर गेलीच होती. मी म्हणायची वय झालं, म्हणायची लेक सासरी गेली, म्हणायची पाळी थांबतेय. कारणांना काय तोटा? माझं शरीर आतून मला खात होतं आणि मी आरशासमोर कंबर बघत होते. उर्वशी, मणका मोडला त्यापेक्षा हे मला जास्त लागतं. आपण तेव्हा सुखी होतो हे आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

कळलं ते पोरांमुळे. अंगणवाडीच्या भिंतीवर उंचीची पट्टी आहे ना, दिवाळीनंतर पोरं हट्टाला पेटली, बाईची उंची मोजा. मी उभी राहिले. चेतनानं डोक्यावर पाटी टेकवली आणि म्हणाली, "म्याडम, तुमी तं कमी होऊन राहिल्या!" पट्टी लावली त्या वर्षी गंमत म्हणून माझ्या उंचीची पेन्सिलची रेघ मारली होती, ती चांगली दोन बोटं वर दिसत होती. पोरं टाळ्या पिटून हसली. मीही हसले. गावातली आशाताई भूमिका, तिनं मला बळजबरीनं गोंदियाला नेलं. या वेळी नवी डॉक्टर होती, तुझ्याच वयाची. तिनं विचारलं, उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाता-पिता, सगळं सांगा, आणि आधी काय घेत होतात तेही सांगा. मी गप्पा मारल्यासारखी सांगत गेले आणि आजीच्या चुन्याचंही सांगितलं, तिची आठवण म्हणून, जरा कौतुकानंच. तिनं पेन खाली ठेवलं. "आंटी, वो चूना ही तो आपकी गोली को पकड़ लेता था."

मग तिनं समजावून सांगितलं. चुना गोळीला अंगी लागू देत नव्हता, म्हणून गोळी वाढत गेली. चुना बंद झाला आणि ती वाढलेली गोळी सगळीच्या सगळी अंगी लागू लागली, वर्षानुवर्षं. त्यानं हृदय पळवलं, झोप नेली आणि हाडं पोखरली. हाडांची तपासणी झाली तेव्हा तिनं माझ्याकडे न बघता कागदाकडे बघत सांगितलं की पाठ आणि खुबा, दोन्ही फार कच्चे आहेत. आजीनं हाडं पक्की व्हावीत म्हणून जो चुना दिला त्यानंच हे झालं, आता रागवायचं तर कुणावर? मी तिच्यावर रागावून पाहिलं. तिच्या फोटोला हार घालायला माझा हात वर जात नाही, असं बाबांना सांगते. हात जातो. मन जात नाही. आणि मग सकाळी जाग आली की खाटेशी ती गिलास घेऊन उभी आहे असं वाटतं आणि राग कुठे जातो कळत नाही. रागावण्याचं सुखही माझ्या वाट्याला नाही.

आता तुझं. तुलाही माझ्यासारखंच थायरॉइड, तुझीही तीच गोळी चालू आहे, आणि माझी दशा ऐकून तू ती बंद करशील अशी मला भीती आहे. तसं केलंस तर तुझं नाव टाकीन. गोळी वाईट नाही, बाळाला तिची गरज आहे, डॉक्टरीणबाईंनी तुझ्यासाठी मुद्दाम विचारून सांगितलंय. माझीही बंद नाही केली, फक्त कमी केली. सकाळी साध्या पाण्यासोबत एकटी गोळी घे, दुसरं काही नको. तुला आता लोह आणि कॅल्शियमही दिलं असेल, ते गोळीपासून चार तास तरी लांब ठेव, आणि ती दोन्हीही एकमेकांपासून वेगळी. रक्त सांगतील तेव्हा तपास. कमी-जास्त ते करतील, तू नाही आणि मेडिकलवाला नाही. आणि तुझ्या सासूबाई, सुशीलाबाई, प्रेमानं दूध, काढा, काय आणतील ते नंतर पी. वाईट वाटून घेतील, घेऊ देत. प्रेमानं दिलेलं न बघता पिऊ नये, एवढंच मी तुला शिकवू शकते.

इथे तुझे बाबा वेगळ्याच जगात आहेत. मागची खोली शेणानं सारवून घेतली, खाटेला नवी सुतळी भरली, डिंक आणि खारका आणून डब्यात भरल्या. काल म्हणाले, "कचारगडची जत्रा लागाच्या आंधी पोरीले घेऊन येतो, मंग गाडीत पाय ठेवाले जागा नाही राहत." मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. दोनदा तुझी कूस रिकामी झाली, दोन्ही वेळा मी तुझ्या उशाशी बसून म्हटलं होतं, पुढचं बाळ माझ्या हातानं न्हाऊ घालीन. तूही लग्नापासून एकच म्हणत आलीस, बाळंतपण मायकडेच. सातवा लागला की तू बॅग भरशील हे मला माहीत आहे. अर्ध्या गावाची पोरं मी झोळीत घालून काट्याला लटकवली. हातात घेतलं की काटा काय दाखवणार ते मी आधीच सांगायची आणि चेतना पैज हरायची. डॉक्टरीणबाई म्हणाली, वाकायचं नाही, उचलायचं नाही, "बच्चों को भी नहीं." मीठ कमी खा म्हणावं तशा सहजपणे म्हणाली. मी विचारलं, चैतापर्यंत, लेकीचे दिवस भरेपर्यंत, बरी होईन का? ती म्हणाली, आंटी, याला वर्षं लागतात.

मी तिचं ऐकलं नाही. मणका कसा मोडला ते मी बाबांनाही सांगितलेलं नाही, पाण्याची बादली उचलली म्हणून सांगितलं. बादली नव्हती. तुझे बाबा धानाच्या चुकाऱ्याचे पैसे आणायला सोसायटीत गेले होते. मी डब्यातून तांदूळ काढला, तीन किलोला जरा कमी, काट्याशिवाय, हाताच्या अंदाजानं. आजीच्या मऊ लुगड्यात बांधला, वर डोक्यासारखी गाठ घेतली आणि नव्या सुतळीच्या खाटेवर ठेवला. पहिल्यांदा उचलला तेव्हा काही झालं नाही. छातीशी धरला, थोपटला, खोलीत फिरले, आणि एवढी खूश झाले की मोठ्यानं बोलू लागले त्याच्याशी. परत ठेवला. मग वाटलं, रडत असेल तर घाईनं उचलावं लागेल, तसं करून बघू. वाकले, झटक्यात उचललं, आणि पाठीत काहीतरी मोडल्याचा आवाज मला आतून आला. हात आपोआप सुटले, उर्वशी. मी सोडले नाहीत, ते सुटले. गाठोडं जमिनीवर पडलं, गाठीकडून, डोक्याकडून. लुगडं फाटून तांदूळ खाटेखाली पार भिंतीपर्यंत गेला. मी खाली पडून त्या तांदळाकडे बघत होते आणि पाठ दुखतेय हे मला बराच वेळ कळलंच नाही. म्हणून हे पत्र. तू येऊ नकोस. दुसरी बाई ठेवू, उचलायला बाबा आहेत, असं सगळं तू म्हणशील, पण बाळ रडलं की मी कुणाची वाट बघणार नाही, माझे हात मला माहीत आहेत. तू रायपूरलाच राहा. सुशीलाबाईंचे हात धडधाकट आहेत, अजून तांदळाचा कट्टा, अख्खं पोतं, एकट्या ओढतात, त्यांचा मला हेवा वाटतो, एवढा की रात्री त्यांना शिव्या देते, आणि तरी तुझं बाळ त्यांच्याच हातात दे. बाबांना मी सांगीन, खोली सारवलेली राहू दे म्हणून. तू माझ्यावर रागावशील, ते चालेल. रागावून फोन केला नाहीस तरी चालेल. फक्त बाळ झालं की मुलगा की मुलगी ते मागाहून सांग, आधी वजन कळव. तेवढा तांदूळ मी लुगड्यात बांधायला सांगेन, आणि बाबांना म्हणेन, मी बसल्या जागची हलणार नाही, तो माझ्या मांडीवर ठेवून द्या.

तुझीच,
माय